आता मी तारेच्या बाजूने

परसातल्या कोंबड्यांना आणि भाजीच्या वाफ्यांना नायलॉनची जाळी लावा, असं मी अनेक वर्षं विचारेल त्याला सांगत आले. कोकणात किनाऱ्यालगत मासेमारीची जुनी जाळी सहज मिळतात. वजनाला हलकी, बांबूला बांधायला सोपी, पावसाळ्यात गंजत नाहीत आणि हाताला मऊ लागतात. लोखंडी तारेबद्दल मात्र माझ्या मनात अढी होती. तारेनं परसाचा तुरुंग होतो, मुक्या जिवांना इजा होते, असं वाटायचं. आज माझं मत याच्या नेमकं उलट आहे.

ते बदललं धामणीमुळे. नायलॉनच्या जाळ्यात गुरफटलेल्या धामणी आमच्या भागात पावसाळ्यात वरचेवर सापडतात. अशाच एकीला सोडवताना सर्पमित्रानं मला तिचे खवले दाखवले. ते शेपटीकडे एकावर एक वळलेले असतात. त्यामुळे साप भोकातून पुढे सहज सरकतो, पण अंगाचा जाड भाग अडकल्यावर मागे येऊ लागला की धागा खवल्यांखाली रुततो. तो जितका धडपडतो तितका फास आवळतो. कोणाच्या लक्षात आलं नाही तर उन्हात तडफडून मरतो.

धामण बिनविषारी असते. कोंबड्यांच्या सांडलेल्या दाण्यावर उंदीर येतात आणि उंदरांमागे ती येते. संधी मिळाली तर पिल्लू किंवा अंडं नेते, हे खरं. पण वर्षभर आपलं धान्य राखते तीच. शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तिला संरक्षण आहे. उलट ज्यांना अडवायचं, ते या जाळीला जुमानत नाहीत. घूस आणि उंदीर धागा कुरतडतात, रानमांजर तो फाडतं, मुंगूस खालून माती उकरून आत शिरतं. राखणदार मरावा आणि चोर आत यावा, असं कुंपण मी दयाळू समजत होते.

तार निवडतानाही विचार हवा. दुकानात ‘कोंबडी जाळी’ म्हणून मिळणारी षटकोनी जाळी 1844 च्या सुमारास इंग्लंडमधल्या नॉर्विचच्या चार्ल्स बर्नार्डनं यंत्रावर विणायला सुरुवात केली. पीळ दिलेली ही बारीक तार दिवसा कोंबड्यांना आवारात ठेवायला चांगली, पण रात्री भुकेल्या कुत्र्याच्या जोरापुढे ती टिकत नाही. एक इंची भोकात मध्यम जाडीचा सापही अडकू शकतो. म्हणून खुराड्याला अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे तारा वेल्डिंगनं जोडलेली जाळी लावावी, आणि लहान पिल्लं असतील तिथे पाव इंचाची. तिची तार ताठ असते, अंगाभोवती आवळत नाही. भोकात डोकंच शिरत नसल्यामुळे मोठा साप कडेकडेनं निघून जातो.

गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, हे खरेदीच्या वेळी लक्षात ठेवावं. वीस गेजची तार जेमतेम 0.9 मिलिमीटर जाड असते, सोळाची 1.6 मिलिमीटर. खाऱ्या हवेत जस्ताचा मुलामा महत्त्वाचा. जोड आधी आणि मुलामा नंतर केलेली जाळी मागावी, म्हणजे सांधेही झाकलेले राहतात. खाली फूटभर जाळी बाहेरच्या बाजूला काटकोनात वळवून मातीखाली पसरावी. उकरणारं जनावर कुंपणाच्या मुळाशीच उकरतं आणि तिथे त्याला तार लागते. घार आणि शिक्रा यांच्यासाठी वरूनही झाकण हवंच.

भाजीच्या बागेला एवढा खर्च परवडत नाही, हे मला मान्य आहे. तिथे जमिनीपासून दोन फुटांपर्यंत अर्ध्या इंचाची जाळी लावून वर मोठ्या भोकांची तार पुरते. वानरांना मात्र कुठलंच कुंपण अडवत नाही.

तेवढेही पैसे नसतील, तर फक्त रात्रीचं खुराडं तारेचं करा आणि दिवसा कोंबड्या मोकळ्या फिरू द्या. पण जमिनीलगतची नायलॉनची जाळी आजच काढा. तीत साप अडकलेला दिसला, तर स्वतः हात न घालता सर्पमित्राला किंवा वनखात्याला बोलवा, कारण तो नाग किंवा घोणसही असू शकतो. कुंपणानं आपलं राखावं, पण वाटेनं जाणाऱ्याचा जीव घेऊ नये. हे ताठ तारेलाच जमतं, म्हणून मी आता तिच्या बाजूने आहे.