आंबटगोड

मराठीत दोन चवी एकत्र आल्या की त्यांचा क्रमही ठरून जातो. ‘आंबटगोड’ हा शब्द आपण सहज उच्चारतो. ‘गोडआंबट’ मात्र सहसा कोणी म्हणत नाही. दोन विशेषणे जोडली गेली आणि त्यांतून तिसऱ्याच एका चवीला नाव मिळाले. पंचामृत, मेथांबा, चिंचगुळाची आमटी हे पदार्थ नुसते आंबट नाहीत आणि नुसते गोडही नाहीत. पण ‘गोड’ हा शब्द विशेषण न राहता नाम झाला की चित्र बदलते. ‘आज गोड काय केले आहे?’ या प्रश्नाच्या उत्तरात साखर, दूध आणि तूपच अपेक्षित असते. श्रीखंडाचा चक्का मुळात आंबट असतो, याचेही तेव्हा विस्मरण होते.

या नामाचे वजन मला आईच्या मधुमेहाने शिकवले. ऐंशीच्या घरात तिची साखर वाढली आणि डॉक्टरांनी पक्वान्ने बंद केली. पथ्याबद्दल तिची तक्रार नव्हती. सणाच्या दिवशी सर्वांच्या पानात जे वाढले जाई, ते तिच्या पानात नसे, हे तिला सोसत नव्हते. ‘तुम्ही जेवून घ्या, मी मागाहून बसेन,’ असे ती म्हणू लागली. आमच्या बोरिवलीच्या घरात पंगत म्हणजे पाच माणसांचे टेबल. पण त्या टेबलावरूनही माणूस उठून जाऊ शकतो.

याच सुमारास अंधेरीच्या मरोळ गावठाणात राहणाऱ्या एका सहकारी प्राध्यापिकेने सुचवले, ‘काकूंना फळांवर थोडा शिरका घालून देऊन पाहा. सगळ्यांनीच तेच खा.’ त्या ईस्ट इंडियन समाजातल्या. साष्टी बेट 1737पर्यंत पोर्तुगिजांच्या ताब्यात होते. त्या काळात ख्रिस्ती झालेल्या येथील मराठीभाषक कुटुंबांच्या समाजाने 1887 साली ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. त्यांच्या स्वयंपाकात शिरका पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्यांच्या ‘इंद्याल’ या पदार्थाचे नाव वाइन आणि लसूण असा अर्थ असलेल्या पोर्तुगीज शब्दसमूहापर्यंत मागे नेता येते. म्हणजे ज्याला आपण परदेशी समजतो तो पदार्थ आपल्याच उपनगरातल्या मराठी घरांत नांदत होता. शेजारच्या घरांनी त्याची दखल घेतली नव्हती, इतकेच.

आईचा पहिला प्रश्न अपेक्षितच होता : ‘शिरका म्हणजे माडीचा ना?’ प्रश्नातील शंका निराधार नव्हती. ‘व्हिनेगर’ या शब्दाचा फ्रेंच मुळातील अर्थच ‘आंबट वाइन’ असा आहे. फारसीतून आलेला ‘शिरका’ हा शब्द मात्र अशी काही आठवण देत नाही. प्रक्रिया एकच आहे. फळाच्या, उसाच्या किंवा माडाच्या गोड रसातील साखरेचे यीस्टमुळे मद्य होते. हवेच्या संपर्कात जिवाणू त्या मद्याचे आम्ल करतात. तयार शिरक्यात साधारणतः चार-पाच टक्के आम्ल असते आणि मद्य जवळजवळ उरलेले नसते. थोडक्यात, शिरका हे गोडाचेच पुढचे रूप आहे.

फळाचाही प्रवास याच दोन चवींमधून होतो. कच्च्या फळात आम्ल अधिक असते. फळ पिकते तशी साखर वाढते आणि बहुतेक फळांत आम्ल उतरते. दोन्हींचा तोल असतो तेव्हा आपण फळाला ‘रसाळ’ म्हणतो. आम्ल फार उतरले की तेच फळ मिळमिळीत लागते. अतिपिकलेल्या पपईवर किंवा कलिंगडावर शिरक्याचे थेंब घालणे म्हणजे पिकताना हरवलेला तोल परत देणे होय.

कृती अगदी साधी आहे. दोन वाट्या फोडींना एक लहान चमचा शिरका आणि चिमूटभर मीठ पुरते. फळ फारच आंबट असेल तर किंचित गूळ. पंधरा-वीस मिनिटे झाकून ठेवले की फोडींना रस सुटतो. पौष-माघात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, उन्हाळ्यात कलिंगड आणि पपई, एरवी अननस किंवा पेरू. बाटलीवर ‘सिंथेटिक’ लिहिलेला शिरका फळांसाठी नको; सफरचंदाचा, उसाचा किंवा जांभळाचा आंबवलेला शिरका घ्यावा. भांडे काचेचे किंवा स्टीलचे असावे. कल्हई नसलेल्या पितळेत आंबट ठेवू नये, हे आपल्याला आजीने सांगितलेच आहे. दुधाशी मात्र शिरक्याचे जमत नाही. दूध फाटते, म्हणून शिकरणाच्या वाटेला जाऊ नये. फळांतही साखर असतेच, तेव्हा मधुमेह्यांनी वाटीचे माप डॉक्टरांना विचारून ठरवावे.

त्या वर्षी संक्रांतीला पाचही पानांत स्ट्रॉबेरीची एकसारखी वाटी होती. आईने पहिला घास घेतला, थोडी थांबली आणि म्हणाली, ‘हे तर रायतंच की! नारळ आणि मोहरी तेवढी नाही.’ रत्नागिरीकडच्या तिच्या माहेरी रायवळ आंब्यांचे गूळ, नारळ आणि मोहरी घालून रायते करीत. तिने नव्या पदार्थाला जुने नाव दिले आणि शंका मिटली. पुढे ती स्वतःच विचारू लागली, ‘आज कशाचं रायतं?’

भाषेचे अभ्यासक म्हणून आपण शब्दांच्या आदानप्रदानाचे नियम शिकतो. उसना शब्द ध्वनिबदल होऊन रुळतो, कधी त्याला देशी प्रतिशब्द मिळतो. पण हे घडते कुठे? ते कोशात घडत नाही. एखादी वृद्ध स्त्री अनोळखी वस्तूची चव घेऊन तिला आपल्या आठवणीतले नाव देते, तेव्हा ती वस्तू त्या घराची होते. आपल्या घरातील, चाळीतील, बाजारातील अशी नामकरणे टिपून ठेवा. पाठ्यपुस्तकातील शब्दसिद्धीचे प्रकरण त्यानंतर वाचाल, तर ते अधिक रसाळ वाटेल.