कूलंटचा दिवा बंद करण्याविषयी

जुन्या गाडीतला कूलंटचा दिवा उगाचच लागत असेल, तर त्याची वायर शॉर्ट करून टाकावी आणि रोज सकाळी बॉनेट उघडून बाटलीतली पातळी डोळ्यांनी बघावी, असं माझं अनेक वर्षं ठाम मत होतं. चारचौघांत मी ते बोलूनही दाखवायचो. त्यामागे कारण होतं. आमच्या लहानपणी अमरावती-अकोला रस्त्यावर ज्या अ‍ॅम्बॅसिडर आणि जीपगाड्या धावायच्या, त्यांत असला दिवा नव्हताच. ड्रायव्हर मूर्तिजापूरला चहाला थांबला की आधी बॉनेट उघडायचा, इंजिन थोडं निवू द्यायचा, रेडिएटरच्या झाकणावर ओलं फडकं टाकून ते सावकाश ढिलं करायचा आणि डब्यातलं पाणी ओतायचा. भर मे महिन्यातही गाडी धडपणे पोचायची. पाहणारा माणूस असेल तर दिवा कशाला, हा विचार तिथून आलेला.

आज मी तसं म्हणत नाही. माझ्या जुन्या डिझेल गाडीच्या निमित्ताने हे मत बदललं, आणि बदललं ते अकोल्यातल्या एका मेकॅनिकच्या साध्या प्रश्नाने.

गाडीत सकाळी चावी फिरवली की लाल दिवा लुकलुकायचा आणि बझर वाजायचा. इंजिन थंड, बाटलीतली पातळी मिन आणि मॅक्सच्या रेषांमध्ये अगदी बरोबर, खाली कुठे ओल नाही. अमरावतीत एका इलेक्ट्रिशियनने बाटलीखालचा प्लग काढला, त्याच्या दोन भोकांत वायरचा तुकडा खोचला, आणि दिवा गेला. तोच तुकडा टेप मारून कायमचा ठेवायचा, की काम झालं. असंच सगळीकडे करतात.

अकोल्याच्या मेकॅनिकला मी हे सांगितलं, तर तो म्हणाला, "भाऊ, वायर टाकल्यावर दिवा गेला ना? म्हणजे वायरिंग चांगली हाये. मीटर चांगलं हाये. खराबी बाटलीत हाये. मंग बाटली कायले नाही पाहत?"

तो तुकडा ही तपासणी आहे. आपण तिलाच दुरुस्ती समजून पुढे जातो. हे मला तोवर कुणी इतक्या सरळ सांगितलं नव्हतं.

त्याने बाटली सोडवून रिकामी केली आणि तोंडाशी बॅटरी धरून मला आत बघायला लावलं. तळाशी धातूच्या दोन बारीक पिना होत्या. दोन्हींवर पांढुरका, कडेने तांबूस झालेला थर बसला होता, नखाने खरवडला तरी न निघणारा. या प्रकारच्या बाटलीत कूलंटमधून एका पिनेकडून दुसरीकडे सूक्ष्म वीजप्रवाह जातो. प्रवाह पोचला की गाडी समजते पातळी ठीक आहे. पिनांवर क्षार चढले की बाटली भरलेली असूनही प्रवाह अडतो आणि दिवा लागतो. काही गाड्यांत पिनांऐवजी तरंगता फ्लोट आणि चुंबकावर चालणारा स्विच असतो. तिथे गाळाने फ्लोट अडकतो.

"पानी कोठचं टाकत होते?" त्याने विचारलं. आधीच्या मालकाचं गाव दर्यापूरकडचं. पुढे काही विचारायची गरज राहिली नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला आहे. तिथल्या बोअरचं पाणी माणसाला पिववत नाही, पिकाला मानवत नाही, आणि आपण ते बिनदिक्कत रेडिएटरमध्ये ओततो. जे क्षार पिनांवर दिसले, तेच रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही साचत असतात. तिथे ते दिसत नाहीत, एवढाच फरक. पाण्याच्या या बाजूकडे आपल्या भागात फार दुर्लक्ष होतं, म्हणून मुद्दाम लिहितो.

पिना साफ झाल्या, प्लगमधली हिरवी बुरशी निघाली, सगळी यंत्रणा धुऊन निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर भरलं, हवा काढली. दिवा गेला.

तरीही माझा जुना मुद्दा मी त्याच्यापुढे ठेवलाच: तापमानाची सुई असताना हा दिवा हवाच कशाला? त्याचं उत्तर असं. तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच खरं सांगतो. पाईप फुटून कूलंट वाहून गेलं की तो वाफेत नाहीतर हवेत उघडा पडतो. इंजिन भाजत असतं आणि सुई मधोमध उभी राहते, कधी चक्क खाली येते. त्या वेळी खरं सांगणारा एकच उरतो, पातळीचा दिवा.

आणि रस्ताही आता तो राहिला नाही. जून २०२२ मध्ये याच राष्ट्रीय महामार्ग ५३ वर लोणी ते माना या भागात एका लेनच्या हिशेबाने ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत सलग झालं आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता उत्तम झाला, याचा मला मनापासून आनंद आहे. पण खड्ड्यांमुळे गाडी हळू व्हायची, मूर्तिजापूरला थांबायची, बॉनेट उघडायचं, ते सगळं त्याबरोबर संपलं. पारा ४५च्या पुढे, काचा बंद, एसी सुरू, आणि बडनेऱ्याहून निघालेली गाडी थेट अकोल्यात. सकाळी पाहिलेली पातळी दुपारी रस्त्यात किती उरली, हे सांगणारा माणूस आता गाडीत नाही. ज्या आधारावर माझं जुनं मत उभं होतं, तो आधारच गेला.

जुनी गाडी घेतली असेल, तर उन्हाळ्याच्या आत एवढं करा. इंजिन पूर्ण थंड असताना बाटलीखाली बघा, वायरचा तुकडा टेप मारून बसवलेला आहे का. पिनांची बाटली असेल तर प्लग काढून चावी फिरवा. दिवा लागला पाहिजे. लागला नाही, तर तुमच्याआधी कुणीतरी तो बंद करून ठेवला आहे किंवा सर्किट बिघडलं आहे. लांबच्या प्रवासाला निघण्याआधी तो सुरू करून घ्या.