तुझ्या नावचं दूध

प्रिय,

परवा फोनवर तू म्हणालीस, "पंचमी कशी झाली ते सगळं सांग, काही गाळू नकोस." मी सांगायला लागले तोच धाकट्यानं फोन हिसकावला, तुला गोगलगाय दाखवली, गोगलगायीची वाट दाखवली आणि मग तुझ्या लेकीशी चक्क कन्नडमध्ये बोलत सुटला. ती बिचारी तिकडे मेलबर्नच्या थंडीत कानटोपी घालून त्याच्याकडे टकामका बघत राहिली. म्हणून आज पोरं झोपल्यावर कागद घेऊन बसले आहे. पत्रात तुला मध्येच "हो का? मग? मग काय झालं?" करता येणार नाही, हा एक फायदा. शाळेत बाई गोष्ट सांगायच्या तेव्हाही तू अशीच करायचीस, आणि बाकावर उभं मात्र दोघींना राहावं लागायचं!

पाऊस चांगला लागलाय. आपल्या धारवाडचा, तो बारीक, दिवसभर रेंगाळणारा. युनिफॉर्म वाळत नाहीत, मोजे वाळत नाहीत, घरभर दोऱ्या बांधल्या आहेत आणि त्यांच्याखालून वाकून वाकून सासूबाई देवघरात जातात. धाकटा खिडकीशी उभा राहून "मळी बंतु, मळी बंतु" म्हणून ओरडतो. पाऊस सकाळपासून पडतच असतो, तरी दर थोड्या वेळानं ही बातमी घरात सगळ्यांना नव्यानं द्यायचीच असते. केलगेरीचा तलाव काठोकाठ भरलाय. आठवतं, आपण सायकली घेऊन गोव्याच्या रस्त्यानं इकडे यायचो तेव्हा हे म्हणजे गावाबाहेरचं गाव वाटायचं. घरी सांगायचं मैत्रिणीकडे अभ्यासाला चाललोय, आणि यायचं तळ्यावर. एके काळी धारवाडच्या नळांना याच तळ्याचं पाणी जायचं, हे तुझे बाबा आपल्याला सांगायचे, आणि तू लगेच ओंजळ भरून प्यायला निघाली होतीस. आता मी त्याच तळ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहते. संध्याकाळी पोरांना घेऊन काठावर जाते. पाणकोंबड्या, बगळे, पावसानंतर येणारा तो मातीचा आणि शेवाळाचा मिसळलेला वास, सगळं तसंच आहे. आता तुझ्या जागी धाकटा उभा असतो आणि पाणी पिऊ का म्हणून विचारतो. तू निदान विचारत तरी नव्हतीस.

तर पंचमी. आदल्या दिवशी रोटी पंचमी झाली. पातळ, कडक जोंधळ्याच्या भाकरी, भरली वांगी, मटकी, कारळ्याची चटणी, शेंगदाण्याची चटणी, आणि ते सगळं ताटात घालून या घरातून त्या घरात. शेजारच्या अक्कांकडून आमच्याकडे, आमच्याकडून समोरच्यांकडे. मोठी दोन्ही हातांनी ताट धरून, जीभ दातांत पकडून, इतकी जपून चालत होती की अक्का दारातून म्हणाल्या, "बा अव्वा बा, भाकरी पळून जात नाही." मी बघतच राहिले. मला आठवली तू, माझ्या आईनं तुमच्याकडे पाठवलेल्या ताटातली शेंगाची उंडी वाटेत जिन्यावर बसून संपवणारी. तुझ्या आईला ताटात कधी पूर्ण उंडी पोचलीच नाहीत गं!

झोका अक्कांच्या परसातल्या चिंचेला बांधला होता. आधी पोरं बसली, मग पोरी, मग आम्ही बायका. आणि मग, तुला सांगते, अक्का स्वतः उठल्या. साठी कधीच ओलांडलीय त्यांनी, गुडघे दुखतात म्हणून भाजीला जात नाहीत. त्यांनी इरकलीचा पदर खोचला, दोर धरले आणि उभ्यानं असा झोका चढवला की चिंचेची पानं आमच्या डोक्यावर पडायला लागली. त्यांची नात घाबरून "अज्जी, इळी, इळी" म्हणून रडायला लागली आणि अज्जी वरून हसत होत्या. त्या हसण्यात मला त्या परकर-पोलक्यातली मुलगी अगदी स्पष्ट दिसली. खाली उतरल्यावर म्हणाल्या, "वर्षातून एकदा तरी आपल्याला जमीन सोडता आली पाहिजे."

खोबऱ्याच्या वाटीला भोकं पाडून दोरा ओवायचा आणि गरगर फिरवायची, ते विसरलीस का? मी मोठ्या हौसेनं मोठीला करून दिली. तिनं ती चार वेळा फिरवली, कानाशी धरून आवाज ऐकला, आणि मग शांतपणे खोबरं खाऊन टाकलं. दोरा माझ्या हातात दिला. मला क्षणभर वाईट वाटलं. त्या वाटीच्या आवाजासाठी आपण दोघी दुपारच्या दुपारी घालवल्या होत्या की! पण संध्याकाळी बघते तर त्याच दोऱ्याला तिनं सासूबाईंच्या गोळ्यांची रिकामी डबी बांधलेली आणि ती अंगणभर ओढत "चिगरी, चिगरी" करत फिरत होती. चिगरी म्हणजे हुबळी-धारवाडची ती खास रस्त्यावरून धावणारी बस. तू गेल्यानंतर सुरू झाली. आमच्या घरात देवाखालोखाल तिला मान आहे.

आणि आता खरं सांगायचं ते. वारुळाला, म्हणजे अंगणातल्या मातीच्या नागोबाला, दूध घालताना घरातल्या एकेकाचं नाव घ्यायचं, देवाच्या वाटचं, गुरूच्या वाटचं, आजोबांच्या वाटचं, ते तुला आठवतच असेल. तुमच्या घरी तुझी आई सगळं माहेर आणि सगळं सासर घेऊन बसायची आणि दूध संपायचं. तर धाकट्याच्या हातात या वर्षी पहिल्यांदा वाटी दिली. अज्जीचं, बाबांचं, आईचं, ताईचं असं रीतसर झालं. मग म्हणाला, चिगरीचं. मग रोज शाळेला नेणाऱ्या रिक्षाच्या मामांचं. मग त्या परवाच्या गोगलगायीचं. सासूबाई डोळे मिटून हात जोडून उभ्या होत्या, त्यांनी प्रत्येक नावाला मान डोलावली. मग त्यानं वाटीत बघितलं, अगदी तळाशी थेंबभर उरलं होतं, आणि म्हणाला, "हे फोनमधल्या मावशीचं."

तुझं गं. तुझ्या नावचं दूध पडलं हो इकडे. मला बोलवेना.

तू मागे एकदा रात्री उशिरा लिहिलं होतंस की आपलं लहानपण आपल्या पोरांना मिळणार नाही, याचं तुला फार वाटतं. तुला वाटतं, निदान मी इथे आहे, माझ्या पोरांना तरी ते आयतं मिळत असेल. तेव्हा मी काही उत्तर दिलं नाही, कारण मलाही तसंच वाटत होतं. मीही प्रत्येक सणाला आपली जुनी यादी घेऊन उभी राहायची. आता नाही वाटत. जेठातल्या मण्णेत्तिन अमावास्येला काय झालं ते ऐक. मातीचे बैल करायचे म्हणून कुंभाराकडून मऊ, काळी माती आणली. मोठीनं सुरेख बैल केले, शिंगं जरा हरणासारखी झाली, पण डौल होता. धाकटा पाठमोरा बसून किती वेळ काहीतरी थापत होता. पुढे आणलं तर जेसीबी! पुढचा तो दातांचा पंजा, मागची सोंड, चाकं, सगळं. मी म्हणाले, अरे, आज बैलांची पूजा असते. तो म्हणाला, "हा पण शेतात काम करतो." सासूबाईंनी एक अक्षर न बोलता जेसीबीला गोठ्यात बैलांच्या शेजारी बसवलं, हळदकुंकू वाहिलं आणि सगळ्यांसारखाच गुळाचा खडा त्याच्यापुढे ठेवला. त्या क्षणी मला ही बाई इतकी आवडली म्हणून सांगू! आपल्यालाही कुणी लहानपण करून दिलं नव्हतं गं. मोठी माणसं त्यांची त्यांची कामं करत होती, सण करत होती, आणि आपण त्यांच्या पायांत घोटाळत आपलं काहीतरी उभं करत होतो. तुमच्या माळ्यावरची ती पत्र्याची पेटी आपलं विमान होती, हे तुझ्या आईला आजतागायत ठाऊक नसेल. तुझी लेक त्या थंड अंगणात काय उभं करत असेल, ते तिला विचार तरी. मला लिही.

भाषेचं तुला सांगायचं राहिलं. मोठी घरात मराठी बोलते, भांडताना मात्र कन्नड. धाकटा झोपेत बडबडतो तेही कन्नडच. मला मध्यंतरी याची काळजी लागली होती. एका रविवारी दोघांना घेऊन साधनकेरीला गेलो. तळ्याकाठी पोरं खेळत होती आणि मी त्यांना सांगत होते की इथे बेंद्रे अज्ज राहायचे, त्यांच्या घरात मराठी बोलायचे, आणि कविता लिहिल्या त्या कन्नडमध्ये, इतक्या मोठ्या की 1973 साली त्यांना ज्ञानपीठ मिळालं. मोठीनं विचारलं, त्यांची आई रागावली नाही? मी म्हणाले, आईचं नाव अंबिका, आणि कवितेखाली ते 'अंबिकातनयदत्त' अशी सही करायचे, म्हणजे अंबिकेचा मुलगा दत्त. तेव्हापासून ही बया चित्रांखाली स्वतःच्या नावाआधी माझं नाव लिहिते. शाळेच्या वहीवरसुद्धा! टीचरनी बोलावून विचारलं, मी सांगितलं, तर त्याही हसल्या आणि म्हणाल्या, राहू द्या.

रात्री मी त्यांना 'बखर बिम्मची' वाचून दाखवते. तीच, जीएंची. कॉलेजात तुझ्या बाबांना जीए इंग्रजी शिकवायचे आणि त्यांच्या काळ्या चष्म्याला वर्गातली पोरं किती बिचकायची, ते तुझे बाबा किती रंगवून सांगायचे. 'काजळमाया' लिहिणाऱ्या त्या माणसानं इतक्या छोट्या मुलासाठी इतकं हळवं पुस्तक लिहिलं, याचं मला दर रात्री नवल वाटतं. ते कुणाला फारसं भेटत नसत म्हणतात. पण लहान मूल कसं बघतं, हे त्यांना किती ठाऊक होतं! धाकट्याला मी सांगितलं की हे लिहिणारे आजोबा आपल्याच गावात राहायचे. त्यानं त्यावरून ठरवून टाकलं की बिम्मही इथेच राहतो, आणि तळ्याकाठी कुणीही त्याच्या वयाचं दिसलं की मला कानात विचारतो, "हाच का?" बिम्मची बहीण बब्बी, ती मात्र आपली ताईच आहे असं त्याचं ठाम मत आहे, कारण तीही सगळं खाऊन टाकते.

हुबळीची एक गंमत राहिली. मे महिन्यात भावजींना सोडायला हुबळीच्या स्टेशनावर गेलो होतो. तिथला तो जगातला सगळ्यात लांब प्लॅटफॉर्म, 1507 मीटर, 2023 साली झालेला. धाकट्यानं हट्ट धरला, शेवटपर्यंत चालायचंच. गाडी गेली तरी आम्ही चालतोय. अर्ध्याच्या पुढे गेल्यावर तो बाबांच्या खांद्यावर झोपला, आणि मोठी म्हणाली, आता निम्म्यातून परत गेलं तर त्याला उठल्यावर काय सांगणार? म्हणून झोपलेल्या पोराला घेऊन आम्ही टोकापर्यंत गेलो, तिथल्या खांबाला त्याचा हात लावला आणि परतलो. उठल्यावर तिनं त्याला सांगितलं, तू पोचलास, मी बघितलं. तिचा हा स्वभाव कुणावर गेलाय, ते तुला सांगायला नको. शर्यतीत मी पडले तेव्हा परत मागे येऊन माझ्याबरोबर शेवटचा नंबर घेणारी मुलगी मला माहीत आहे.

लाईन बाजारातून पेढे आणलेत, पण ते तुझ्यापर्यंत कसे पोचवू? तू पेढ्याची वरची साखर बोटानं टिपून खायचीस आणि आतला पेढा मला द्यायचीस, आणि मला वाटायचं काय उदार मैत्रीण मिळालीय! आता मोठी धाकट्याला तसंच करते आणि त्यालाही ती फार उदार वाटते. मी काही बोलत नाही.

एक कामाचं. तुमच्याकडे शाळांना डिसेंबर-जानेवारीत मोठी सुट्टी असते ना? येळ्ळ अमावास्या त्याच सुमाराला येते. अक्कांच्या शेतावर आम्हाला सगळ्यांना आमंत्रण आहे. सज्जीच्या भाकरी, कडबू, वांग्याचं भरीत, हुरडा असला तर हुरडा, आणि शेतभर फिरून चरगा टाकायचा. धाकट्यानं तुझ्या लेकीचं नाव आत्ताच त्या यादीत घातलंय, तिला बैलगाडीत आपल्या शेजारी बसवणार म्हणतो. तिकिटाचं लवकर बघ, उशीर केलास की महाग पडतं आणि मग तू कारणं सांगतेस. तिची उंची आणि कमरेचं माप लगेच कळव, मी खणाचं परकर-पोलकं इथेच शिवायला टाकते. शिंपीअण्णा दिवाळीच्या गर्दीत हातात सापडणार नाहीत. आणि माप घेताना दोन बोटं वाढवूनच घे. तुझ्या आईनं तुला कधी वाढवून शिवलं नाही, आणि शाळेच्या गॅदरिंगला नाचताना काय झालं ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

तुझीच