त्यात काय, ते तसंच असतं

दिवाळीच्या सुट्टीत नाशिकरोडला बहिणीकडे गेलो होतो. दुपारची वेळ, फराळ अंमळ जास्त झालेला, घरातले सगळे जिथे जागा मिळेल तिथे लवंडलेले. माझी भाची, वय वर्षं दहा, शेजारी पालथी पडून वहीत काहीतरी खरडत होती. एकदम उठून बसली.

"मामा, हे बघ! कोणतीही दोन अंकी संख्या घे. उलटी कर. मोठीतून लहान वजा कर. उत्तर नेहमी नऊच्या पाढ्यात येतं! नेहमी!"

वहीचं पान भरलं होतं. ७२ मधून २७ गेले, ४५. ८१ मधून १८ गेले, ६३. ५२ मधून २५ गेले, २७. एका ठिकाणी वजाबाकी चुकली होती, तिथे तिने रडका चेहरा काढला होता आणि चूक सापडल्यावर त्याच चेहऱ्याचं तोंड खोडून त्याला हसवलं होतं.

आणि मी काय म्हणालो? "अगं, त्यात काय, ते तसंच असतं." एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं. पण नाही. तिची पेन्सिल घेतली, १०अ + ब मधून १०ब + अ वजा केले, उरले ९ गुणिले (अ - ब). झालं. दोन ओळींत खेळ खलास. मला आपलं वाटलं की हे पाहून ती खूश होईल. ती "अच्छा" म्हणाली, वही मिटली आणि टीव्ही लावायला गेली.

ती मिटलेली वही मला फार ओळखीची वाटली.

मी आठवीत असताना मलाही असाच एक शोध लागला होता. १ आणि ३ मिळवले की ४. त्यात ५ मिळवले की ९. पुढे ७ मिळवले की १६. विषम संख्या ओळीने मिळवत गेलो की वर्गच येतात! रात्रभर झोप नाही. मागच्या पानापर्यंत बेरजा केल्या आणि दुसऱ्या दिवशी वही घेऊन गणिताच्या सरांकडे गेलो. सर वाईट नव्हते हो. त्यांनी वही पाहिली, हसले आणि म्हणाले, "छान. पण हे नवीन नाही बरं का, पुस्तकात आहे, पुढे येईल." अगदी प्रेमाने म्हणाले. पुढे ते आलंही. मी त्या प्रकरणात पैकीच्या पैकी मार्क मिळवले. ती वही मात्र मी पुन्हा उघडली नाही. पुढे इंजिनियर झालो, नोकरीला लागलो, आणि काहीही सुचलं की आधी "हे कुणी केलंय का" ते शोधायचं, अशी सवय लागली. शोधलं की सापडतंच. जगात आठशे कोटी माणसं आहेत, कुणी ना कुणी ते केलेलंच असतं. सापडलं की मी सुटकेचा निःश्वास टाकतो आणि चहा प्यायला जातो. वीस-पंचवीस वर्षं असा चहा पितोय.

असो. तर त्या दुपारी मला आठवण झाली ती कापरेकरांची. बहिणीच्या घरापासून देवळाली रिक्षाने जाण्याइतक्या अंतरावर आहे. त्या देवळालीत दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर नावाचे एक शाळामास्तर होते. जन्म १९०५ सालचा, डहाणूचा. फर्ग्युसनमध्ये शिकले, १९२७ साली रँग्लर परांजपे पारितोषिक मिळवलं, १९२९ साली बी. एस्सी. झाले आणि मग देवळालीला मास्तरकी. गणिताचं पुढचं शिक्षण नाही, विद्यापीठात जागा नाही. आयुष्यभर हा माणूस संख्यांशी खेळत राहिला. खेळत हाच शब्द बरोबर आहे. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. अशा संख्यांना आज जगभर 'कापरेकर संख्या' म्हणतात. त्यांच्या आणखी एका प्रकारच्या संख्यांचं नाव 'डेम्लो'. का, तर आपल्या डोंबिवली स्टेशनाचं तेव्हाचं नाव डेम्लो होतं आणि ती कल्पना त्यांना तिथे सुचली. डोंबिवलीकरांना लोकलच्या गर्दीत काय काय सुचत असेल ते माहीत नाही, पण गणितात आपलं स्टेशन अमर आहे एवढं त्यांना सांगायला हरकत नाही.

त्यांची सगळ्यात प्रसिद्ध गंमत म्हणजे ६१७४. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा, वजाबाकी करा. उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ वर येऊन आदळता आणि तिथून हलता येत नाही, कारण ७६४१ मधून १४६७ वजा केले की पुन्हा ६१७४ च. हे त्यांनी १९४९ साली शोधलं. त्या काळी गणितातल्या बऱ्याच मंडळींना हा पोरखेळ वाटला. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिलं तेव्हा कुठे जगाला देवळालीचा पत्ता लागला. तोपर्यंत मास्तर सत्तरीचे झाले होते.

पूर्वी ही गोष्ट मी 'बघा, तज्ज्ञांना कळलं नाही आणि साध्या शिक्षकाला कळलं' अशा थाटात सांगायचो. सांगायला बरी वाटते, टाळ्या मिळतात. पण ती तशी नाही. त्या मंडळींचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. ६१७४ ची जादू आपण दहाच्या पटीत संख्या लिहितो त्यावर अवलंबून आहे. माणसाला हाताची बोटं आठ असती आणि आपण आठाच्या पटीत लिहीत असतो, तर हा आकडा कुणी ओळखलाही नसता. संख्येचा स्वभाव वेगळा आणि ती लिहिण्याची पद्धत वेगळी, आणि लिहिण्याच्या पद्धतीतून निघणाऱ्या गमतींत सहसा खोल काही सापडत नाही, हे गणित शिकलेल्या माणसाला पक्कं ठाऊक असतं. कुठे खणायचं नाही ते त्याला शिकवलेलं असतं. त्याने आयुष्यातली वर्षं वाचतात. फक्त तिथे ६१७४ पुरलेला असेल तर तो मात्र राहून जातो.

म्हणून मग ज्ञान कमी असलेलं बरं? शिकला की संपला? हे असलं बोलायला हल्ली फार आवडतं लोकांना, आणि मला ते साफ खोटं वाटतं. माझ्या भाचीचंच बघा. तिला नऊचा पाढा तोंडपाठ होता म्हणून तिला ते दिसलं. ज्याला पाढे येत नाहीत त्याला ४५, ६३ आणि २७ ही तीन अनोळखी माणसं वाटतील. तिला ती एका घरातली दिसली. कापरेकरही काही कोरे नव्हते. रोज चार-चार तास वाद्य हातात असलेल्या माणसाला जशी एखादी सुरावट बोटांतून सापडते, तसे आकडे त्यांच्या बोटांत होते.

रामानुजनची गोष्ट तर याहून अवघड आहे. शाळेत असताना, पंधरा-सोळाव्या वर्षी, त्याच्या हाती कार नावाच्या एका लेखकाचं जाडजूड पुस्तक पडलं. परीक्षेची तयारी करणाऱ्यांसाठी लिहिलेलं, हजारो सूत्रांची नुसती जंत्री. सिद्धता जवळजवळ नाहीतच, कुठे असलीच तर एक-दोन ओळींचा इशारा. पुस्तक म्हणून पाहिलं तर अगदी सुमार. पण उत्तरं लिहिलेली आणि वाट मात्र पुसलेली, त्यामुळे रामानुजन प्रत्येक वाट स्वतः तुडवत गेला आणि जाता जाता पुस्तकात नसलेल्या ठिकाणी पोचला. उत्तम पुस्तक मिळालं असतं तर? मला वाटतं, हा प्रश्न आपण जितक्या सहज विचारतो तितकं त्याचं उत्तर सोपं नाही. कारण त्याची किंमतही त्याने मोजली. त्याने कष्टाने शोधलेल्यातला मोठा भाग युरोपात आधीच माहीत होता. मूळ संख्यांबद्दलचं त्याचं काही काम तर चुकलं, कारण संमिश्र संख्यांच्या फलांचा सिद्धांत त्याला कुणी शिकवलाच नव्हता.

१९१४ साली तो केंब्रिजला पोचला तेव्हा हार्डीपुढे पेच पडला. याला पहिल्यापासून रीतसर शिकवायचं? मग याच्या आतलं जे काही चाललंय ते विझलं तर? आणि न शिकवावं तर हा आयुष्यभर चुकीच्या समजुती घेऊन बसेल. हार्डीने मधली वाट काढली. गरज पडेल तसं, बेताबेताने शिकवलं, आणि पुढे लिहून ठेवलं की मी त्याला जेवढं शिकवलं त्याहून जास्त त्याच्याकडून शिकलो. मी हार्डी नाही आणि भाची काही रामानुजन नाही. पण हार्डीला जो प्रश्न पडला तो मला निदान पडायला तरी हवा होता! मी सरळ पेन्सिल हिसकावली.

रात्री पडल्या पडल्या विचार करताना लक्षात आलं की माझं बीजगणित चुकलं नव्हतं, वेळ चुकली होती. ती "का" असं म्हणालीच नव्हती. तिचं अजून "असं असं होतं!" एवढंच चाललं होतं. तीन अंकी संख्या घेऊन बघू का, शून्य असलं तर काय होईल, हे सगळं अजून व्हायचं होतं. अजून दोन दिवसांनी ती स्वतःच वैतागून "पण मामा, का होतं असं?" म्हणाली असती, आणि तेव्हा त्याच दोन ओळी तिला दिवाळीच्या भेटीसारख्या वाटल्या असत्या. माझ्या सरांनीही तेव्हा "पुस्तकात आहे" ऐवजी "सम संख्यांचं काय होतं?" एवढंच विचारलं असतं तर... जाऊ दे. त्यांना त्या दिवशी पन्नास वह्या तपासायच्या असतील.

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी मी तिला म्हटलं, एक चार अंकी संख्या घे. कृती सांगितली, ६१७४ चं नाव काढलं नाही. सुरुवातीला कोणती घेऊ म्हणाली, तर १९०५ घे म्हटलं, मास्तरांचं जन्मसाल. ९५१० मधून ०१५९. ९३५१. मग ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि मग ६१७४. बरोब्बर सात पायऱ्या, म्हणजे लांबात लांब रस्ता. त्यानंतर तेच पुन्हा आलं तसा तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं. मी बॅग भरत होतो. फार अवघड असतं हो गप्प बसणं, तोंडात अक्षरशः ते उत्तर वळवळत असतं.

आठवड्याने तिचा फोन आला. "मामा, पाच अंकीचं बिघडलंय. मी १२३४५ घेतले. ४१९७६ आले. मग ८२९६२, मग ७५९३३, मग ६३९५४, मग ६१९७४ आणि मग परत ८२९६२! ते एका ठिकाणी थांबतच नाही, गोल गोल फिरतंय."

माझं ज्ञान चार अंकांवरच थांबलेलं होतं. पाच अंकांचं काय होतं हे मी कधी करून पाहिलंच नव्हतं. दुसरा हात सवयीने लॅपटॉपकडे गेला. दहा सेकंदांत मिळालं असतं.

"सगळ्या पाच अंकी संख्या याच चक्रात सापडतात का गं?" मी विचारलं.

"माहीत नाही. तू ५३९५५ पासून कर, मी दुसरी घेते."

कागद शोधायला जरा वेळ लागला. घरात पेन्सिल तर नव्हतीच.