लोणावळ्याची लोकल आणि एक प्रश्न

योगशिक्षकांकडे व्यक्तिगत मार्गदर्शनाचा एक तास ठरवून तुम्ही पुण्याहून लोणावळ्याला निघणार असाल, तर मोटारीऐवजी लोकलने जावे. अंतर सुमारे ६४ किलोमीटर. त्या तासात नेमके काय मांडायचे, हे ठरवायला एवढा प्रवास पुरतो.

शिवाजीनगर सुटले की वही उघडावी आणि जे जे खुपते ते लिहून काढावे : वाढलेले वजन, कंबरेची कळ, चिडचिड, तुटणारी झोप. चिंचवडपर्यंत पान भरते. ती यादी तशीच वाचून दाखवली, तर अर्धा तास वाचनातच सरतो आणि हाती येतो तो कोणालाही देता येईल असा सल्ला.

तळेगावनंतर खोडायला घ्यावे. छातीत दुखणे, हातापायांचा बधिरपणा, अकारण घटणारे वजन या गोष्टी डॉक्टरांच्या; त्यांना विलंब नको. मग प्रत्येक ओळीपुढे ती तक्रार मुळात कोणाची, हे लिहावे. हे अवघड जाते. ‘वजन’ बहुधा नातेवाइकांनी सुचवलेले असते. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंसाठी रात्री तीनदा उठणाऱ्या सुनेच्या यादीत मात्र झोप अगदी तळाशी असते. तिला ती तक्रार वाटतच नाही, कर्तव्य वाटते. कंबर आणि चिडचिड यांचे धागेही तिथेच जुळत असतील. मग ‘झोप कशी लागेल?’ याऐवजी ‘त्यांना उचलताना कंबर कशी सांभाळू, आणि पुन्हा आडवी झाल्यावर अंग सैल कसे करू?’ असे विचारता येते. शिक्षक तुम्हाला प्रत्यक्ष वाकायला लावून पाहू शकतात. (रात्रीची पाळी वाटून घेण्याचा प्रश्न शिक्षकांचा नव्हे, घराचा, तो परतल्यावर घरीच काढावा.)

मळवलीला डावीकडे लोहगड-विसापूर दिसतात. पुढचे स्थानक लोणावळा. येथेच १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापले. योगाने सारे व्याधी बरे होतात काय, असा अवाढव्य प्रश्न घेऊन ते प्रयोगाला बसले नाहीत. उड्डियान आणि नौली करताना मोठ्या आतड्यातील दाब किती बदलतो, असे मोजता येण्याजोगे प्रश्न त्यांनी घेतले.

स्थानकाबाहेर चिक्कीची दुकाने लागतात, ती परतताना. जाताना वहीतले ते एक वाक्य पुन्हा वाचावे आणि बाकीचे पान दुमडून ठेवावे.