मुळशीच्या काठानं ताम्हिणीकडे

सह्याद्रीचा पूर्व उतार मंद आणि पश्चिम बाजू तुटलेली, हे शाळेत सगळेच शिकतात. मला ते खऱ्या अर्थानं कळलं ते सायकलमुळे. पुण्याहून माणगावला मोटारीनं जाताना चढ कुठे लागला आणि कुठे सरला, याचा पत्ताही लागत नाही. सायकलवर मात्र मांड्या सगळा हिशेब ठेवतात. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंचीवर आहे. तिथून ताम्हिणी घाटापर्यंतच्या 50-60 किलोमीटरांत आपण चढतो, उतरतो, पुन्हा चढतो, दमतो, आणि एवढं करून माथा पुण्यापेक्षा फारसा उंच नसतोच. मग पुढच्या थोड्याच अंतरात ही सगळी कमाई हातची जाते आणि कोकण लागतं.

चांदणी चौक ते पौड हा टप्पा उजाडायच्या आत उरकावा. भूगाव, पिरंगुटचा छोटा घाट, घोटवडे फाटा, सगळीकडे आता इमारती, गोदामं आणि डंपर. त्यावर जास्त लिहिण्यात अर्थ नाही. पौड मागे पडलं की हवा बदलते. भातखाचरं दिसू लागतात, वाऱ्याला ओल येते, आणि एका लांबट चढाच्या शेवटी झाडांच्या फटीतून मुळशीचं पाणी अचानक समोर येतं.

इथून पुढचा रस्ता माझ्या सर्वात आवडीचा आहे. तलावाला बोटांसारख्या खाड्या आहेत आणि रस्ता त्यातल्या बहुतेक खाड्यांना वळसा घालतो. प्रत्येक वळशाला एक ओढा, ओढ्यावर मोरी, मोरीपाशी उतार संपतो आणि लगेच चढ. हे चढ अंगावर येणारे नाहीत, पण संपतही नाहीत. गिअर सतत खालीवर करावा लागतो आणि लय म्हणून काही जमत नाही. वेगाची हौस असलेले इथे वैतागतात. मला वाटतं, या काठाची लयच अशी तुटक आहे आणि ती मान्य केली की दम कमी लागतो. दसऱ्यानंतर गेलात तर ओढे अजून वाहते असतात, उतारांवर सोनकीचा पिवळा रंग उरलेला असतो आणि पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारची झुंबड ओसरलेली असते.

हे पाणी मात्र नुसतं बघून पुढे जावं असं नाही. त्याच्या तळाशी गावं आहेत. मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवण्यासाठी टाटांनी मुळा नदीवर धरण बांधायला घेतलं तेव्हा खोऱ्यातली पन्नासच्या आसपास गावं त्याच्या कक्षेत आली. हे खोरं आंबेमोहराचं. 1921 च्या रामनवमीला मावळ्यांनी धरणाच्या कामावर जाऊन सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट त्यात उतरले, तुरुंगात गेले, आणि ‘सेनापती’ ही उपाधी त्यांना याच लढ्यानं दिली. लढा तीन वर्षं चालला आणि हरला. जमिनींचे कागद बरेचसे सावकारांच्या ताब्यात होते आणि त्यांना मोबदल्याची तडजोड पटण्यासारखी होती. कसणाऱ्याला कोण विचारतो! 1927 मध्ये घाटाखाली भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा सविस्तर इतिहास लिहिला आहे. त्यांनी त्याला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हटलं. एवढी मोठी गोष्ट या रस्त्यावर घडली, हे तलावाकाठी फोटो काढणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल?

काठावरच्या एका टपरीवर मी हटकून थांबतो. मावशी गवती चहा घालून चहा करतात. एकदा तिथे बाकड्यावर एक म्हातारबाबा बसले होते. सायकलीकडे बराच वेळ बघून म्हणाले, “पुण्यावनं आलासा? या पायडलावर?” मी हो म्हटलं. मग त्यांनी काठी उचलून पाण्याकडे दाखवली. “त्या तिथं, त्या टेपाडाच्या खाली, आमच्या पणज्याची खाचरं. आता आमी वर, दगडात. उन्हाळ्यात बाया हंडा घेऊन कुठं-कुठं हिंडत्यात, आन् हितं बघा, समुद्र!” रागावून नाही, अगदी सरळ सांगत होते. मावशींनी त्यांच्या हातात कप दिला आणि मला म्हणाल्या, “दादा, तुमी बिस्कुट घ्या, पुढं काय मिळणार न्हाई.”

आणि खरंच, पुढे फारसं काही मिळत नाही. निवे गाव मागे पडलं की वस्ती विरळ होते आणि जंगल रस्त्यावर ओठंगून येतं. पुण्यात वर्षाला साधारण 700 ते 750 मिलिमीटर पाऊस पडतो. इथे घाटमाथ्यावर 5000 मिलिमीटरच्या वर. सायकलनं एका सकाळीत आपण हा सगळा फरक पार करतो आणि तो झाडांवरून वाचता येतो. पौडच्या आसपास बाभळी, बोरी, खुरटी करवंदं. मग ऐन, हिरडा. शेवटी जांभूळ आणि अंजनी यांची काळपट, बारमाही हिरवी गर्दी, जिच्याखाली भर दुपारीही रस्ता ओलसर असतो. 2013 मध्ये या जंगलाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. त्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या गावांनी आपापल्या देवराया राखल्या होत्या, देवाच्या नावानं, कुऱ्हाड न लावता. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा कुठे शहाण्यासुरत्यांचं त्यांच्याकडे लक्ष गेलं. रस्त्यालगतच्या डोंगरउतारावर मध्येच एखादा झाडीचा ठिपका बाकीच्या रानापेक्षा उंच आणि गच्च दिसला, तर बहुधा तिथे एखादा शेंदूर लावलेला तांदळा असतो. झाडावर गरंबीची वेल असते, माणसाच्या मांडीएवढी जाड, आणि तिच्या हातभर लांब शेंगा.

चढावर दम लागला की मी एका ठरावीक ठिकाणी उतरतो. रस्त्यासाठी तिथे डोंगर उभा कापलाय आणि कापलेला दगड उघडा पडलाय. काळा पाषाण, त्यावर वीतभर जाडीचा तांबडा, भुसभुशीत पट्टा, त्यावर पुन्हा काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचा एक थर पसरला, निवला, त्याच्या माथ्याची झीज होऊन माती झाली, आणि मग दुसरा थर येऊन त्या मातीवर चढला. दोन थरांमधल्या त्या मातीला बोट लावलं की तांबडी पूड लागते. पाणी वरच्या दगडातून झिरपत येतं आणि बरोबर या पट्ट्यावर अडतं, त्यामुळे इथे नेच्यांची रांग अगदी दोरी धरून लावल्यासारखी वाढलेली असते. शेजारच्या उतारावर कारवीचं रान. पानं खरखरीत, काठ्या सरळ. याच काठ्यांचे कूड विणून, शेणामातीनं लिंपून इथली घरं उभी राहत. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, सगळी एकदम, डोंगरच्या डोंगर जांभळा होतो, आणि मग मरते. पुढच्या पावसाच्या तोंडाशी तिची वाळलेली बोंडं तडतडतात. मोटारीच्या खिडकीतून या भिंतीचं फक्त ‘दरड प्रवण क्षेत्र’ एवढंच होतं.

मग माथा, आणि समोर जमीनच नाही. खाली कुंडलिकेचं खोरं, पलीकडे अंधारबनाचं दाट रान अंगावर घेतलेले कडे. इथून उतार. उतारावर ब्रेक आवळून धरू नयेत; वळणाच्या आधी दाबावेत, वळणात सोडावेत, नाहीतर रिम तापते आणि वळणावरच्या खडीवर मागचं चाक सरकतं. कानांत दडे बसतात. माथ्यावरची गार हवा काही वळणांतच जड, दमट होते आणि काजूचा, ओल्या पेंढ्याचा वास येऊ लागतो.

याच कड्यावरून आणखीही काही खाली उतरत असतं, फक्त ते दिसत नाही. मुळेचं पाणी मूळचं पूर्वेचं. पुण्यात मुठेला भेटून, भीमेतून, कृष्णेतून ते बंगालच्या उपसागराकडे निघालेलं. धरणानं ते अडवलं आणि तलावाच्या पश्चिमेकडून बोगद्यानं, मग नळांतून सुमारे 500 मीटर खाली भिऱ्याच्या चक्रांवर सोडलं. तिथून ते कुंडलिकेत येतं आणि अरबी समुद्राला मिळतं. कोलाडला राफ्टिंग करणारे ज्या सकाळच्या लाटेची वाट बघतात, ती लाट म्हणजे वीजघरातून सुटलेलं हे पाणी. पुण्याहून निघालेला सायकलवाला त्या पाण्याच्याच बदललेल्या वाटेनं कोकणात उतरतो. उतरताना ज्या उंचीचा आपल्याला एवढा आनंद होतो, त्याच उंचीसाठी मुळशी बुडालं. हे कळल्यापासून मला तो उतार पूर्वीसारखा निव्वळ मजेचा वाटत नाही, आणि वाटू नये असंच माझं मत आहे.

म्हणून मी अलीकडे उलटा जातो. विळ्याला रात्री मुक्काम करायचा आणि पहाटे घाट खालून चढायचा. चढ खरा आहे, सर्वात हलका गिअर लावूनही पाय भरून येतात. पण चालीच्या वेगानं वर सरकताना शेकरूचा खडखडाट नेमका कुठल्या झाडावरून येतो ते कळतं, आणि शीळकरी कस्तूर ऐकायला थांबावंही लागत नाही.

या रस्त्याचं रुंदीकरण टप्प्याटप्प्यानं होत आलं आहे. पौडपर्यंत ते व्हायलाच हवं होतं, तिथे सायकलवाल्यांचे आणि पायी चालणाऱ्यांचे जीव धोक्यात होते. पण निव्यापासून खाली विळ्यापर्यंत, जिथे झाडं दोन्हीकडून रस्त्यावर हात टेकतात, तिथे डोंगर आणखी कापू नये. कापलेला उतार पहिल्या मोठ्या पावसात खाली येतो, हे तिथे दर पावसाळ्यात दिसतं. गाड्यांना तिथे थोडा वेळ जास्त लागतो, तो लागू द्यावा.