कॅलिफोर्नियांतील सहा आठवडे

२०२५ सालच्या जून महिन्यांत आम्ही उभयतां कॅलिफोर्नियास गेलों, तें केवळ देश पाहण्याच्या हौसेनें नव्हे. सानफ्रान्सिस्कोच्या दक्षिणेस सांता क्लारा नांवाचें खोरें आहे. तेथें आमचा भाचा गेलीं अकरा वर्षें संगणकाच्या धंद्यांत नोकरीस होता. टेक्सास प्रांतांत ऑस्टिन शहरीं बदली घ्यावी कीं आहों तेथेंच राहावें, याचा निर्णय त्यास ऑगस्टपूर्वीं द्यावयाचा होता. आमच्या भगिनीनें निघतांना बजावलें, "तिकडे काय पाहायचें तें पाहा, पण पोरांना मांडलेला संसार पुन्हां कां उचलावा लागतो आहे, तेवढें मला नीट समजून घेऊन या."

प्रश्न दिसतो तेवढा घरगुती नाहीं. पुण्यांतील आमच्या मित्रमंडळींत त्यावर निघण्यापूर्वींच दोन तट पडले होते. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, कॅलिफोर्नियांत पुरोगामी मंडळींचें राज्य. त्यांनीं कर चढविले, मजुरी वाढविली, हरतऱ्हेचे निर्बंध घातले आणि भरल्या घराची वाट लावली. ओरॅकल, टेस्ला, शेव्हरॉन यांसारख्या बड्या कंपन्यांनीं आपल्या मुख्य कचेऱ्या टेक्सासांत नेण्याचें ठरविलें, हाच त्याचा पुरावा. दुसऱ्या पक्षानें एप्रिल २०२५ मध्यें प्रसिद्ध झालेले आंकडे पुढें टाकले: या एकट्या प्रांताचें वार्षिक उत्पन्न सुमारें ४.१ लाख कोटी डॉलर, म्हणजे जपानहूनही अधिक. स्वतंत्र राष्ट्र मानल्यास जगांत चौथा क्रमांक. मग बुडालें तें काय? या दोघांपैकीं एकानेंही कॅलिफोर्निया पाहिलेला नव्हता, हें सांगणें अवश्य आहे.

भाच्याचें घर एकमजली, लांकडी, तीन खोल्यांचें. पुढें हिरवळीचा तुकडा, मागें लिंबाचें झाड. भाडें दरमहा ४,६०० डॉलर. नवराबायको दोघेंही मिळवतीं, आठ वर्षांची एकच मुलगी. तरी घर विकत घेण्याची ऐपत नाहीं, कारण तसल्याच घराची त्या आळींतील किंमत बावीस लाख डॉलर! पहिल्या रात्रीं जेवतांना आम्ही करांचा विषय काढला, तेव्हां भाचा हंसला. म्हणाला, "मामा, कराचें दुःख आहे, पण तें सोसवतें. टेक्सासांत पगारावर प्रांताचा कर नाहीं, तर घरावर जबर आहे. आम्हांला येथून काढतें आहे तें भाडें."

जूनअखेर आम्ही सनीव्हेल गांवची जर्दाळूची बाग पाहिली. भर वस्तींत सुमारें दहा एकरांची ही बाग नगरपालिकेनें जुन्या काळची खूण म्हणून राखली आहे. फळें पिकून केशरी झालीं होतीं, आणि झाडाखालीं उभें राहून खाल्लेल्या जर्दाळूस आपल्याकडील वाळलेल्या फळाची कांहींच सर नाहीं, असें आमच्या मंडळींचें मत पडलें. शंभर वर्षांपूर्वीं हें सारें खोरें असेंच होतें: जर्दाळू, आलुबुखार, चेरी. त्याजागीं जगांतील सर्वांत धनाढ्य धंदा कसा उभा राहिला? पालो आल्टो येथें ॲडिसन रस्त्यावर मोटार ठेवण्याची एक लहानशी लांकडी खोली आहे. तींत १९३९ सालीं ह्यूलेट व पॅकार्ड या दोघा तरुणांनीं आपली कंपनी काढली. ती खोली या खोऱ्याचें जन्मस्थान होय, अशी तेथें पाटी आहे. आम्ही ती भक्तिभावानें पाहिली. परंतु मोटारीच्या खोल्या अमेरिकेंत गांवोगांव आहेत.

नसतें तें दुसरेंच कांहीं. नोकरानें मालक सोडल्यावर तोच धंदा करूं नये, असा करार कॅलिफोर्नियांत १८७२ पासून कायद्यानें रद्दबातल आहे. म्हणूनच १९५७ सालीं शॉक्ले यांच्या प्रयोगशाळेंतील आठ तरुण शास्त्रज्ञ एकदम बाहेर पडून फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर उभारूं शकले, आणि त्यांतील नॉइस व मूर यांनीं तीही सोडून १९६८ सालीं इंटेल काढली. मालकाच्या दृष्टीनें हा शुद्ध अन्याय! पण खोऱ्याचें भाग्य त्यांतूनच उघडलें. बर्कले येथील विश्वविद्यालयाच्या आवारांत फिरतांना याच विचारास पुष्टि मिळाली. १९६० सालीं या प्रांतानें उच्च शिक्षणाची जी योजना आंखली, तींत शाळांतील वरच्या आठव्या हिश्श्यास विश्वविद्यालयांत, वरच्या तृतीयांशास प्रांतिक महाविद्यालयांत व उरलेल्या सर्वांस स्थानिक महाविद्यालयांत जागा ठरविली होती. आणि प्रांतांतील विद्यार्थ्यांस शिकवणीची फी नसावी, हें तत्त्व होतें. तें तत्त्व पुढें टिकलें नाहीं. तथापि करांच्या पैशांतून पिकलेलें हें पीक कारखानदारांनीं पिढ्यान्‌पिढ्या कापलें, हें विसरून करांस शिव्या देणें आम्हांस कृतघ्नपणाचें वाटतें.

पहिला पक्ष अगदींच खोटा नाहीं. विजेचा दर देशाच्या सरासरीच्या जवळजवळ दुप्पट आहे. सानफ्रान्सिस्को व लॉस एंजेलिस यांच्यामध्यें वेगवान आगगाडी व्हावी म्हणून मतदारांनीं २००८ सालीं कर्ज मंजूर केलें. आम्ही गेलों तेव्हां सतरा वर्षें लोटलीं होतीं, गाडी धांवत नव्हती. सानफ्रान्सिस्कोच्या रस्त्यांत, उंच हवेल्यांच्या सावलींत, तंबू ठोकून राहणारीं माणसें पाहून आमच्या मंडळींच्या डोळ्यांस पाणी आलें. जानेवारी २०२४ च्या गणतींत प्रांतांतील अशा निराश्रितांची संख्या १,८७,००० भरली होती. मात्र याचें कारण शोधूं लागलें कीं बोट फिरून घरांकडेच वळतें.

त्याचें मूळ आम्हांस साक्रामेंटो या राजधानींत सांपडलें. हायरम जॉन्सन हा येथील पुरोगाम्यांचा मुकुटमणि. तो १९११ सालीं गव्हर्नर झाला. रेल्वे कंपनीच्या मुठींतून प्रांत सोडवावा म्हणून त्याच वर्षीं त्यानें लोकांस स्वतः कायदा सुचवून मतदानानें पास करण्याचा हक्क मिळवून दिला. स्त्रियांनाही मत त्याच वर्षीं मिळालें. पण याच जॉन्सननें १९१३ सालीं एका कायद्यावर सही केली, त्यान्वयें नागरिकत्वास अपात्र ठरणाऱ्या आशियांतील लोकांस शेतजमीन विकत घेण्याची मनाई झाली. रोख जपान्यांवर होता. पुढें पंजाबी शेतकरीही त्यांत भरडले गेले. त्याच १९१३ सालीं सानफ्रान्सिस्कोंत गदर पक्षाचें कार्य सुरू झालें, ज्यांत आपल्या तळेगांव ढमढेऱ्याचे विष्णु गणेश पिंगळे सामील झाले व १९१५ सालीं लाहोरास फांशीं गेले. पुरोगामी म्हणविणाऱ्या राज्यानेंही दार कोणास उघडें ठेवावयाचें, याचा हिशेब आधींच केलेला असतो, हें त्या सभागृहाच्या पायऱ्या उतरतांना आमच्या मनांत आलें.

जॉन्सननें दिलेल्या त्या हक्काचा सर्वांत मोठा उपयोग जून १९७८ मध्यें झाला. लोकांनीं मतदान करून ठरविलें कीं, घरावरील मूळ कर किंमतीच्या एक टक्क्याहून अधिक नसावा, आणि घर विकलें जाईपर्यंत करापुरती त्याची किंमत वर्षाला दोन टक्क्यांहून अधिक वाढूं नये. हेतु वाईट नव्हता. वाढत्या करानें वृद्धांचीं घरें जात होतीं. परिणाम आमच्या भिंतीपलीकडेच नांदत होता. शेजारच्या बाई निवृत्त शिक्षिका, वय ऐंशीच्या पुढें, स्वभाव अत्यंत प्रेमळ. भाच्याच्या मुलीस त्यांनींच वाचावयास शिकविलें. हिरवळीवर पाटी : सर्वांचें येथें स्वागत आहे. त्यांनीं १९७६ सालीं साठ हजारांस घेतलेल्या घराचा कर २,००० डॉलरांच्या आंत; तेंच घर भाच्यानें उद्यां घेतलें तर पंचवीस हजारांच्या घरांत! घर विकणें म्हणजे ही सवलत धोक्यांत घालणें. मग विकतो कोण? तिजोरीची ही वाट अरुंद झाल्यामुळें सरकारास प्राप्तिकरावर अधिक भिस्त ठेवावी लागली. दशलक्ष डॉलरांवरील प्राप्तीस १३.३ टक्के, हा दर साऱ्या देशांत सर्वांत चढा. शेअरबाजार चढला कीं तिजोरी तुडुंब, उतरला कीं कोरडी.

पुण्याच्या वाचकांस हें नवलाचें वाटूं नये. १९४७ च्या भाडेनियंत्रणानें आपल्या पेठांतील वाड्यांचें काय झालें, तें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. आंत बसलेल्यास दहा रुपयांत खोली, आणि बाहेर उभ्या असलेल्यास पागडी. आम्ही स्वतः तशा खोलींत वाढलों, म्हणून शेजारच्या बाईंस दोष देतांना जीभ अडखळते.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यांत नगरपालिकेची सभा होती. गांवाचें नांव देत नाहीं. आगगाडीच्या स्थानकाजवळ ओस पडलेल्या दुकानांच्या जागीं पांच मजले, १२० बिऱ्हाडें, असा बेत होता. अशा बेतांस अडविण्याचें खात्रीचें हत्यार म्हणजे १९७० चा सृष्टिरक्षणाचा कायदा. तो केला वनें व नद्या यांसाठीं, आणि वापरला पुष्कळदां शेजाऱ्याच्या गच्चीविरुद्ध! आम्ही तेथें असतांनाच, ३० जून रोजीं, गव्हर्नर न्यूसम यांनीं शहरांतील बहुतेक नव्या घरांस त्या कायद्यांतून मोकळीक देणाऱ्या विधेयकावर सही केली होती. त्यामुळें सभेंत वातावरण तापलेलें होतें. प्रत्येकास दोन मिनिटें. शेजारच्या बाई काठी टेकीत उठल्या. सावली पडेल, मोटारींस जागा पुरणार नाहीं, गांवाचें गांवपण जाईल, असें त्या बोलल्या, आणि तें अगदीं मनापासून बोलल्या.

त्यानंतर आमची भाचेसून उठली. ती बोलणार आहे हें आम्हांस ठाऊक नव्हतें. ती म्हणाली, "अकरा वर्षें मी येथें कर भरतें आहे. मला येथें मत नाहीं. कायम राहण्याच्या परवान्यासाठीं हिंदुस्थानांत जन्मलेल्यांची रांग इतकी लांब आहे कीं, माझी मुलगी या देशांत जन्मली, ती मतदार होईल, तरी आमचा नंबर लागेल कीं नाहीं कोण जाणे. मला बंगला नको. त्या १२० मधलें एक बिऱ्हाड मिळालें तर आम्ही राहूं." घंटा वाजली. शेजारच्या बाईंनीं तिचा हात आपल्या हातांत घेतला. सभेनें विषय सप्टेंबरपर्यंत तहकूब केला.

बाहेर आल्यावर भाचा बराच वेळ बोलला नाहीं. आम्हीं मात्र त्या रात्रीं भगिनीस पत्र लिहिलें. पोरें करांमुळें जात नाहींत. मजुरीच्या कायद्यानें वा स्वच्छ हवेच्या नियमांनींही जात नाहींत. त्यांतील बरेंचसें त्यांच्या हिताचेंच आहे. जे आधीं येऊन बसले त्यांचें आसन कायद्यानें असें पक्कें केलें गेलें आहे कीं, नंतर येणाऱ्यास उभें राहण्यापुरतीही जागा उरली नाहीं. २०२० च्या खानेसुमारीनंतर या प्रांताची लोकसभेंतील एक जागा इतिहासांत प्रथमच कमी झाली, ५३ च्या ५२ झाल्या. तिचा अर्थ आम्हांस ऑस्टिनला निघालेल्या या तीन माणसांवरून कळला.

भाच्यानें १० ऑगस्टला घर सोडलें. सप्टेंबरांत तो बेत चार मजल्यांवर आणून मंजूर झाला. बिऱ्हाडें तयार होण्यास तीन वर्षें लागतील. जुन्या घराचें भाडें मालकानें नव्या भाडेकऱ्यास ५,१०० डॉलर सांगितलें व तें मिळालेंही. दिवाळींत फोन आला, तेव्हां मुलगी सांगत होती कीं, शेजारच्या आजींनीं तिच्या नांवें ऑस्टिनच्या पत्त्यावर स्वतः वाळविलेले जर्दाळू पाठविले आहेत, आणि सोबतच्या चिठ्ठींत विचारलें आहे कीं, तुम्ही सुटीला परत कधीं येतां?